निरीक्षक पांढरीपांडे आणि हिवरखेडचा आवाज

नाव: श्री. कमलाकांत विनायक पांढरीपांडे. वय: एकोणसत्तर पूर्ण. राहणार: जठारपेठ, अकोला. व्यवसाय: सेवानिवृत्त शिरस्तेदार, जिल्हा न्यायालय. सध्याचे पद: मानद सामना निरीक्षक, वऱ्हाड प्रो बास्केटबॉल लीग, अकोला केंद्र. उंची: पाच फूट चार इंच. बांधा: किरकोळ. ओळखीची खूण: डाव्या भुवईवर जुनी जखम, व समोरच्याचे वाक्य पूर्ण होण्याआधीच ती भुवई वर जाण्याची सवय. कान: दोन, दोन्ही चालू. आवाज: सौम्य, सामन्याच्या वेळी वापरात नसतो. निष्ठा: कोणत्याही संघाकडे नाही.

हे वर्णन लीगच्या दप्तरात आहे आणि ते कमलाकांतरावांनी स्वतःच लिहून दिलेलं आहे. लीगने नुसतं नाव आणि मोबाइल नंबर मागितला होता.

लीग सुरू झाली तेव्हा प्रत्येक गावात एक वयस्क, प्रतिष्ठित, तटस्थ माणूस हवा होता. सामन्याच्या वेळी मैदानालगतच्या टेबलावर गुण मांडणारा आणि घड्याळवाला यांच्या मधोमध बसायचं आणि नंतर अहवाल द्यायचा, एवढं काम. अकोल्यात प्रतिष्ठित माणसं पुष्कळ होती. तटस्थ शोधताना लीगची दमछाक झाली. शेवटी कोणीतरी कमलाकांतरावांचं नाव सुचवलं. कॉलेजात असताना ते विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघात बारावे खेळाडू होते. बारावा खेळाडू दोन वर्षांत एकदाही मैदानात उतरला नाही, पण नियमपुस्तक त्याला तोंडपाठ झालं. त्यानंतर कोर्टात चौतीस वर्षं त्यांनी साक्षीदारांना शपथ घेताना ऐकलं, आणि शपथेनंतर ते जे बोलत तेही ऐकलं. माणसावर विश्वास ठेवायची सवय तिथेच सुटली.

नियमपुस्तकातलं एक कलम त्यांचं विशेष आवडतं होतं. निरीक्षकाने टाळ्या वाजवू नयेत, ओरडू नये, हातवारे करू नयेत. कमलाकांतराव ते कलम इतकं पाळत की पहिल्या सामन्यात शिंक आली तीही त्यांनी रुमालात दाबून अर्धी परत पाठवली.

बाकीच्या हॉलला असलं कलम नव्हतं. अकोल्याचा संघ ‘कपास किंग्ज’. त्याचा घरचा सामना म्हणजे श्रावणातल्या कावडीच्या मिरवणुकीला छप्पर घातल्यासारखं. कावड मंडळांचे ढोल एका कोपऱ्यात, लग्नात वाजणारं संदल दुसऱ्या कोपऱ्यात, आणि मधे माइक घेऊन निवेदक श्याम. तो दर दोन मिनिटांनी ओरडे, “अकोलाऽऽ! आवाज कुठंय?” आवाज तिथेच असे, फक्त श्यामला दिसत नसे. भिंतीवर एक पाटी लावली होती. तिच्यावर लाल आकड्यांत प्रेक्षकांचा आवाज किती डेसिबल झाला ते दिसे, आणि आकडा शंभरावर गेला की लोक आणखी ओरडत. तिसऱ्या सामन्याच्या मध्यंतरात अर्धा हॉल कचोरी खायला बाहेर गेलेला असताना पाटीने एकशे चार दाखवले. कमलाकांतरावांची भुवई वर गेली. ते उठले, तार कुठे जाते ते पाहत चालत गेले, आणि तार श्यामच्या माइकपाशी जाऊन थांबली.

“काका, तेवढं चालते,” श्याम म्हणाला. “पब्लिकले मजा येते.”

कमलाकांतरावांनी अहवालात लिहिलं: ‘पाटी खोटी. निवेदक खरा, पण एकटाच.’ तेव्हापासून त्या हॉलमधल्या प्रत्येक आवाजाकडे ते संशयाने पाहू लागले.

असाच एक संशय त्यांच्या वहीत हळूहळू जाड होत गेला. तो पियुषबद्दल होता.

पियुष वानखडे हा हिवरखेडचा. वय बावीस, हात लांब, पाय त्याहून लांब. संघातला सर्वांत वेगवान खेळाडू. त्याची चूक एकच होती, आणि ती फ्री थ्रोची. समोरच्याने नियम मोडून अडवलं की खेळाडूला रेषेवर उभं राहून कोणाच्याही अडथळ्याशिवाय बास्केटमध्ये चेंडू टाकायला मिळतो. घड्याळ थांबलेलं, समोर कोणी नाही, पाच सेकंद हातात. शाळेतली मुलंही दहात सहा टाकतात. कमलाकांतरावांच्या वहीत पियुषचे आकडे असे होते: बाहेरगावी एकतीस फ्री थ्रो, सव्वीस आत. अकोल्यात एकोणतीस फ्री थ्रो, अकरा आत.

परगावी लोक शिव्या घालतात, शिट्ट्या मारतात, तिथे पोरगा चुकत नाही. आणि जिथे सगळे त्याच्या बाजूचे, तिथे चुकतो. कोर्टात असला कागद समोर आला असता तर त्यांनी त्यावर लाल पेन्सिलने खूण करून तो वर ठेवला असता.

“कोणीतरी याला फिरवलेलं आहे,” ते बायकोला म्हणाले. रमाबाई भाजी निवडत होत्या.

“कोणी?”

“दुसरं कोण असणार. अमरावती.”

रमाबाईंनी मेथीची जुडी खाली ठेवली. त्यांचं माहेर अमरावतीचं, अंबापेठेतलं. “अहो, आमच्या अमरावतीला दुसरे उद्योग नाहीत का? आणि तुमचा स्वतःचा जन्म कुठला ते आठवतं ना?”

“जन्म हा पुरावा होत नाही,” कमलाकांतराव म्हणाले. त्यांचा जन्म अमरावतीचाच, शिक्षण अमरावतीचं, विद्यापीठाचा तो बारावा नंबरही अमरावतीचाच. नोकरीसाठी अकोल्याला आले ते राहिले. पण हे त्यांनी लीगच्या वर्णनात लिहिलेलं नव्हतं. कोणी विचारलंही नव्हतं.

चार दिवसांनी संघाचे व्यवस्थापक चंद्रभानजी स्वतःच जठारपेठेत आले. सोफ्यावर बसले, चहाला नको म्हणाले आणि मग दोन कप प्यायले.

“पांढरीपांडे साहेब, तुमच्या वहीत त्या पोट्ट्याचे आकडे आहेत म्हणे.”

“वही गोपनीय आहे.”

“मालूम आहे. म्हणून तर आलो.” चंद्रभानजींनी आवाज खाली आणला. घरात रमाबाईंशिवाय कोणी नव्हतं, तरी आणला. “रविवारी अमरावतीसोबत शेवटची मॅच. त्याच्यानंतर पोट्ट्याचा करार पुढं न्यायचा का त्याले घरी पाठवायचं, ते ठरवायचं आहे. तुमी अहवालात दोनच ओळी लिहा. ‘खेळ संशयास्पद.’ बस. मग आमाले काही सांगावं लागत नाई. लीगच त्याले कायमचा बाहेर काढते.”

“आणि नाही लिहिलं तर?”

“तर सगळा बोजा आमच्यावर. लोक म्हणतील, गरिबाचं पोरगं काढलं.”

चंद्रभानजी गेल्यावर कमलाकांतरावांनी वही उघडली आणि पेनाचं टोपण काढलं. पियुषवर त्यांचा संशय होताच. आता चंद्रभानजींवरही आला. ज्याला संशय लिहून हवा असतो त्याच्यावर आधी संशय घ्यावा, एवढं कोर्टाने शिकवलं होतं. दोन ओळींनी एका पोराचं नाव कायमचं जाणार होतं, आणि त्या दोन ओळी त्यांच्या पेनात होत्या. त्यांनी पेनाला टोपण लावलं.

पुढच्या घरच्या सामन्यात, म्हणजे बुधवारी, त्यांनी चेंडूकडे पाहायचंच नाही असं ठरवलं. ते प्रेक्षकांकडे पाहत बसले. आणि आजवर पाटीसारखाच खोटा गोंगाट समजून कानाआड केलेलं त्यांना पहिल्याच फ्री थ्रोला दिसलं.

पियुष रेषेवर आला. श्यामने माइकवरून सांगितलं, “आपला भाऊ आहे, शांत राहा.” ढोल थांबले, संदल थांबलं. घरचा खेळाडू रेषेवर असला की हॉल गप्प राहतो, हे अकोला आता शिकलं होतं. आणि त्या शांततेत बास्केटच्या बरोबर मागच्या पायऱ्यांवरून चाळीसेक माणसं एकदम उठली आणि छत उडेल अशी ओरडली. मधोमध एक उंच म्हातारा होता, पांढरी टोपी, खांद्यावर दुपट्टा. त्याचा आवाज बाकीच्यांच्या वरून येत होता, लांब, ताणलेला: “येऽऽ राज्याऽऽ!” चेंडू कडीच्या मागच्या बाजूला आपटून परत आला. दुसऱ्या वेळीही तेच.

दुसऱ्या खेळाडूच्या फ्री थ्रोला ही मंडळी चिडीचूप. फक्त पियुषच्या वेळी उठत.

कमलाकांतरावांच्या मनात सगळं जुळलं. पोरगा फिरवलेला नव्हता. प्रेक्षक आणलेले होते. अमरावतीने चाळीस माणसं अकोल्याच्या पायऱ्यांवर बसवली होती. मध्यंतरात त्यांनी निरीक्षकाचा बिल्ला खिशात टाकला आणि त्या पायऱ्यांकडे गेले. पहिलाच पुरावा दुसऱ्या पायरीवर सापडला. एक बाई कागदात बांधलेला गिला वडा खात होती. गिला वडा ही अमरावतीची ओळख. तो अकोल्यात मिळत नाही असं नाही, पण दह्यात भिजलेला वडा कागदात बांधून सामन्याला आणणं, हे कमलाकांतरावांच्या मते अमरावतीकराशिवाय कोणी करणार नाही.

“कुठून आणला वडा?” त्यांनी सहज विचारलं.

बाईने त्यांच्याकडे खालून वर पाहिलं. “काहून? पायजे का?”

“नाही, नाही. चौकशी.”

“माह्या लेकीनं पाठवला. अमरावतीले दिली ना तिले. खा ना बाप्पा, चौकशी काय करता.” तिने अर्धा वडा पुढे केला. नाव सुंदराबाई, गाव हिवरखेड. कमलाकांतरावांनी वडा घेतला नाही, पण ‘लेक अमरावतीला’ एवढं मनात टिपलं.

“किती जण आलात?”

“छोट्या हत्तीत मावले तेवढे.”

“गाडी कोणी केली?”

आता सुंदराबाईंचं खाणं थांबलं. तिने मागे वळून हाक दिली, “जानरावभाऊ! हे पाहा कोण विचारून राहिले, गाडी कोनं केली म्हणून!”

पांढऱ्या टोपीचा तो उंच म्हातारा खाली उतरून आला. जवळून पाहिलं तर कमलाकांतरावांपेक्षा दहा वर्षांनी लहान, पण उन्हाने दहा वर्षं आधीच पोचवलेला.

“मी केली गाडी,” तो म्हणाला. “जानराव वानखडे. पोट्ट्याचा बाप आहो मी. पियुषचा. तुमी कोन?”

कमलाकांतरावांचा अख्खा पुरावा त्या एका वाक्यात कोसळला. बाप आपल्याच पोराला पाडायला चाळीस माणसं आणील का? कोर्टात असे बाप त्यांनी पाहिले होते, पण ते जमिनीच्या खटल्यात. खिशातून बिल्ल्याची नाडी बाहेर लोंबत होती. जानरावांनी ती पाहिली.

“बिल्ला खिशात घालून काहून फिरता, साहेब?”

“तसं काही नाही. मी इथलाच. जठारपेठेतला.”

“मूळचे?”

खोटं बोलायची सवय नसल्याचा त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच पश्चात्ताप झाला. “मूळचा... अमरावतीचा.”

जानरावांनी मान डोलावली आणि ते पायऱ्या चढून परत गेले. वर जाऊन त्यांनी शेजारच्या माणसाच्या कानात काहीतरी सांगितलं, त्याने पुढच्याच्या. दोन मिनिटांत चाळीस माणसं टेबलावर बसलेल्या निरीक्षकाकडे पाहत होती. उरलेला सामना कमलाकांतराव प्रेक्षकांवर नजर ठेवत होते आणि प्रेक्षक त्यांच्यावर. खेळ कोणी पाहिला नाही.

घरी येऊन त्यांनी वही उघडली. काहीतरी चुकत होतं. अकोल्यात पियुषचे अठरा फ्री थ्रो हुकले होते, आज दोन धरून वीस. त्यांनी प्रत्येकाच्या पुढे तेव्हाच खूण केली होती, चेंडू कुठे लागला याची. वीसच्या वीस कडीच्या मागच्या बाजूला. एकही डावा नाही, उजवा नाही, तोकडा नाही. पैसे खाल्लेला माणूस चुकला तर चारी बाजूंनी चुकतो, एकाच बाजूने चुकणं त्याला सुचत नाही. आणि दुसरं, पळताना अकोल्यात हाच पोरगा बाहेरगावापेक्षा दुप्पट चेंडू हिसकावत होता.

शुक्रवारी सकाळी त्यांनी तेल्हाऱ्याची एसटी धरली आणि पुढे हिवरखेडला उतरले. रमाबाईंना सांगितलं, बँकेत जातो. रमाबाईंनी डबा भरून दिला. बँकेत जाणाऱ्याला डबा लागत नाही हे त्यांनाही माहीत होतं.

जानरावांचं घर गावाच्या कडेला होतं. अंगणात खाट, आणि घरामागे काळ्या जमिनीत काढलेला एक लांब, सरळ पट्टा, दोन्ही बाजूंनी चुन्याची रेघ. शंकरपटाचा सराव तिथे चालतो हे सांगावं लागलं नाही. दोन बैल, हलकी गाडी, आणि सेकंदाच्या शंभराव्या भागावर हारजीत. मधली काही वर्षं बंद पडलेला पट आता पुन्हा सुरू झाला होता. पट्ट्याच्या टोकाला एका लाकडी खांबावर लोखंडी कडी ठोकलेली होती. तिला जाळं नव्हतं.

जानराव शेतात होते. खाटेवर बसवून पाणी दिलं ते रुख्मिणीबाईंनी, पियुषच्या आईने.

“तुमी ते अमरावतीचे ना?” तिने विचारलं.

“अकोल्याचा,” कमलाकांतराव म्हणाले. “ती कडी कोणी ठोकली?”

“यायनंच, पियुषच्या बापानं. पोट्टं शाळेतून हट्ट धरून आलं, मले पायजे म्हणून. मंग ठोकली पटाच्या टोकाले.” ती बोलायला लागली, आणि कमलाकांतरावांनी कोर्टात शिकलेलं दुसरं कसब वापरलं. ते गप्प बसले. “यायचा आवाज मोठा ना. पटावर हे टोकाले उभे राहत अन् बोलवत. बैल यायच्या आवाजाकडं पयत येत. वासरापासून सवय लावा लागते. अन् आमचं पोट्टं तं वासराच्या संगंच पयलं. चार वर्साचं होतं तवापासून. यायनं ‘येऽऽ राज्या’ म्हटलं का बैल अन् हे, दोघंबी पयत सुटत. अजूनबी तसंच आहे. जेवत असलं अन् यायनं तिकडून आवाज देला, का ताट सोडून उभं राहते.”

“उभं राहतं,” कमलाकांतराव म्हणाले, “की पुढे जातं?”

“पुढंच जाते ना. उभं काहून राहीन?”

कमलाकांतरावांनी पाण्याचा पेला खाली ठेवला. फ्री थ्रोला उभं राहावं लागतं. टाचा जमिनीला, गुडघे किंचित वाकलेले, शरीर जागच्या जागी. आणि नेमक्या त्या क्षणी बास्केटच्या मागून बापाचा आवाज येत होता, ये. पोराचं डोकं रेषेवर थांबत होतं, अंग निघत होतं, आणि चेंडू अंगाबरोबर चार बोटं पुढे जात होता. परगावी ओरडणारे हजार असले तरी त्यातला एकही त्याला बोलावत नव्हता.

जानराव आले तेव्हा त्यांनी हे सगळं समजावून सांगितलं, आकड्यांसकट, वही उघडून. जानरावांनी वही पाहिली नाही. त्यांनी वही दाखवणाऱ्याकडे पाहिलं.

“म्हणजे आमी ओरडाचं नाई.”

“फक्त फ्री थ्रोच्या वेळी. पळताना पाहिजे तेवढं ओरडा.”

“रविवारी मॅच कोणासंगं आहे?”

“अमरावतीशी.”

“अन् तुमी कुठचे?”

“जानराव, जन्म हा पुरावा...”

“साहेब, पोट्टं तिथं एकटं उभं राहते. सगळा हॉल चूप होते. आपल्या माणसानंबी चूप राहाचं? मंग त्याले वाटीन ना, बाप कुठं मेला म्हणून. पटावर आपल्या जोडीले आवाज न देणारा माणूस म्या तं आजवर पाह्यला नाई. असा कोणी देत नसीन तर समजाचं, समोरच्यानं फोडला त्याले.”

“नाही ओरडलात तर कदाचित त्याचं नाव वाचेल,” कमलाकांतराव म्हणाले. “ओरडलात आणि तो चुकला, तर माझ्या अहवालात काय येतं याची काही लोक वाट पाहत आहेत.” एवढंच ते बोलले. चंद्रभानजींचं नाव घेतलं नाही. तेही गोपनीय होतं.

मग रुख्मिणीबाई म्हणाली, “मी बसवतो यायले चूप. दुपट्टा कोंबतो तोंडात.”

“अन् पोट्टं चुकलं तं?” जानराव.

“तं मंग या साहेबाच्या तोंडात कोंबजा.”

रविवारी संध्याकाळी सहाला हॉल भरला. अमरावतीहून दोन बसगाड्या भरून माणसं आली होती आणि त्यांनी आपला वेगळा ढोल आणला होता. श्यामची पाटी एकशे अठरावर अडकली, आणि या वेळी ती कदाचित खरी होती. चंद्रभानजी पहिल्या रांगेत बसले होते आणि अधूनमधून टेबलाकडे पाहून हसत होते. कमलाकांतराव हसले नाहीत. बास्केटमागच्या पायऱ्यांवर हिवरखेड बसलं होतं, आणि चाळीस जोडी डोळे त्यांच्यावर होते.

पियुष पळाला की हिवरखेड उठे आणि ‘येऽऽ राज्याऽऽ’ने हॉल दणाणे. तो रेषेवर आला की हिवरखेड बसे. पहिल्या फ्री थ्रोला रुख्मिणीबाईंनी खरोखरच दुपट्ट्याचा बोळा नवऱ्याच्या तोंडात दिला. चेंडू आत गेला. दुसराही. तिसऱ्याला बोळा जानरावांनी स्वतःच कोंबून घेतला, पण नजर अशी की, आज मला फसवलं तर बघून घेईन.

सामना संपायला चार सेकंद असताना अमरावती बहात्तर, अकोला एकाहत्तर होतं आणि पियुषला पाडलं. दोन फ्री थ्रो.

पहिला आत. बहात्तर-बहात्तर. हॉल फुटला आणि पंचाने हात वर करताच गप्प झाला. असा गप्प, की वर फिरणाऱ्या पंख्याची करकर ऐकू आली. पाहुण्यांचा ढोलही का कोण जाणे थांबला होता.

पंचाने चेंडू पियुषच्या हातात दिला आणि बोटांनी सेकंद मोजायला सुरुवात केली. पाच सेकंदांत चेंडू सुटला नाही तर संधी जाते. एक. पियुषने चेंडू एकदा आपटला. मग मान वर करून बास्केटच्या मागे पाहिलं. तिथे चाळीस माणसं तोंडावर हात ठेवून बसली होती आणि मधोमध त्याचा बाप डोळे विस्फारून, तोंडात कापड घेऊन. दोन. पोराच्या चेहऱ्यावर जे आलं ते कमलाकांतरावांनी ओळखलं, कारण ते रोज आरशात पाहत होते. त्याला संशय आला होता. सगळे असे काय पाहून राहिले? बाबाले काय झालं? तीन. चेंडू छातीशीच होता. हात वर जात नव्हते. कमलाकांतराव टेबलाखाली बोटं मोजत होते. चार होणार होते. पोरगा उभा होता, अगदी हवा तसा, जागच्या जागी, टाचा जमिनीला, आणि टाकत नव्हता.

“मार ना बे!”

आवाज सबंध हॉलमध्ये एकच होता आणि तो टेबलावरून आला होता. चेंडू सुटला, वर गेला आणि जाळ्यातून खाली पडला. कडीला लागलाही नाही.

उरलेल्या चार सेकंदांत अमरावतीने लांबून एक फेकला, तो भिंतीला लागला. ढोल सुरू झाले, संदल सुरू झालं, माणसं मैदानात उतरली. अमरावतीचे प्रशिक्षक मात्र सरळ टेबलाकडे आले. त्यांची तक्रार होती की फ्री थ्रो चालू असताना टेबलावरून कोणीतरी ओरडलं. पंचाने नियमाप्रमाणे निरीक्षकांना विचारलं, “सर, तुमच्या निदर्शनास आलं का, कोण ओरडलं?”

“आलं,” कमलाकांतराव घोगऱ्या आवाजात म्हणाले. “मी.”

पंच आणि प्रशिक्षक नियमपुस्तक घेऊन दहा मिनिटं उभे होते. निरीक्षकाने ओरडू नये असं कलम होतं, पण तो ओरडला तर गुण काढून घ्यावेत असं कलम नव्हतं. ते लिहिताना कोणाच्या डोक्यात आलं नसावं. निकाल कायम राहिला.

पायऱ्यांवर हिवरखेड नाचत होतं. जानराव नाचत नव्हते. बोळा आता त्यांच्या हातात होता आणि ते टेबलाकडे पाहत होते. गर्दी ओसरल्यावर ते खाली आले.

“आमाले चूप बसवलं,” ते म्हणाले, “अन् सोता ओरडले. काहून?”

कमलाकांतरावांनी तोंड उघडलं. आवाज आला नाही.

“म्हणजे सांगाचं नाई,” जानराव म्हणाले. “काहीतरी आहेच याच्यात.” ते वळले, दोन पावलं गेले, परत आले. “पण आवाज पटावरचा आहे तुमचा. अमरावतीचा वाटत नाई.”

त्याच आठवड्यात लीगला अहवाल गेला. स्वच्छ अक्षरात, परिच्छेदांना क्रमांक घालून. त्यातला मुख्य भाग असा: ‘एक. खेळाडू श्री. पियुष जानराव वानखडे यांच्या खेळात संशयास्पद काहीही आढळले नाही. दोन. खेळाडूच्या नातेवाइकांचे वर्तन अनुकरणीय. तीन. मैदानालगतच्या टेबलावरील एका व्यक्तीचे वर्तन गंभीररीत्या आक्षेपार्ह असून सदर व्यक्तीस पदावरून दूर करावे. चार. सदर व्यक्ती म्हणजे अधोस्वाक्षरीकर्ता.’ पियुषचा करार पुढे गेला. चंद्रभानजींनी जठारपेठेत येणं बंद केलं. लीगने चौथा मुद्दा वाचून तिसरा मान्य केला आणि अकोला केंद्रासाठी नवा तटस्थ माणूस शोधायला घेतला. दप्तरातलं वर्णन मात्र कोणी बदललं नाही. तिथे अजून आहे, आवाज: सौम्य, सामन्याच्या वेळी वापरात नसतो.

तीन दिवस त्यांचा घसा बसलेला होता आणि दूध किती हवं ते रमाबाईच दूधवाल्याला सांगत होत्या.